उपचार संपले, आता चालायचे कोणाबरोबर?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझे वय ३२ वर्षे असून मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. दीड वर्षापूर्वी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, काखेतील ग्रंथीही काढल्या, त्यानंतर आठ किमो आणि मग शेक (रेडिएशन) झाले. उपचार संपून आठ महिने झाले आहेत. आता रोजची एक गोळी तेवढी चालू आहे. सगळे म्हणतात, सुटलीस. पण मला सुटल्यासारखे वाटत नाही. एके काळी दर रविवारी पांडवलेणी चढणारी मी आता दुसऱ्या मजल्यावर श्वास घ्यायला थांबते. 'त्या हाताने जन्मभर वजन उचलायचे नाही' असे घरी येताना सांगितले गेले होते, त्यामुळे सासूबाई आणि आई मला कशालाच हात लावू देत नाहीत. पाच वर्षांच्या मुलाला मी या दीड वर्षात एकदाही कडेवर घेतलेले नाही. एकदा रुग्णांच्या मेळाव्याला गेले होते. तेथील बहुतेक स्त्रिया आईच्या वयाच्या होत्या, आणि 'एवढ्या लहान वयात?' म्हणून त्या इतक्या हळहळल्या की मी पुन्हा गेले नाही. किमोच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर माझ्याच वयाची एक मुलगी असे. तिचा नंबर घ्यायचा राहून गेला. मी व्यायाम करावा का? आणि माझ्यासारख्या कोणी मला भेटतील का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत, पण तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर मला ते एकाच प्रश्नाचे दोन भाग वाटू लागले. तुम्हाला चालायला हवे आहे आणि चालताना शेजारी कोणी तरी हवे आहे. म्हणून आधी व्यायाम आणि नंतर मैत्री असे वेगवेगळे उत्तर न देता मी दोन्ही बरोबरच घेणार आहे.

तुमचा थकवा खरा आहे, हे सर्वप्रथम सांगते. उपचार संपल्यावर काही महिने, कित्येकींना त्याहूनही अधिक काळ, हा थकवा राहतो, आणि दिवसभराच्या कष्टांनी येणाऱ्या थकव्यापेक्षा तो वेगळा असतो, कारण झोप काढून तो उतरत नाही. किमोच्या काळात हालचाल कमी झालेली असते, स्नायू झिजलेले असतात, हृदय आणि फुप्फुसे यांची सवय मोडलेली असते. अशा शरीराला आणखी विश्रांती दिली की ते आणखी दुबळे होते, आणि दुबळे झाले म्हणून आणखी विश्रांती घ्यावीशी वाटते. हे चक्र हालचालीनेच तुटते. अमेरिकेतील क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांना एकत्र बसवून उपलब्ध संशोधन तपासले आणि २०१९ मध्ये शिफारशी प्रसिद्ध केल्या. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी ३० मिनिटे, मध्यम गतीचा व्यायाम सलग ८ ते १२ आठवडे केल्यास कर्करोगानंतरचा थकवा, चिंता आणि उदासी कमी होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा स्नायूंना बळ देणारे व्यायाम सुचवलेले आहेत.

मध्यम गती कशी ओळखायची, यासाठी घड्याळ किंवा यंत्र लागत नाही. चालता चालता बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, ती मध्यम गती. मला ही कसोटी फार आवडते, कारण तिच्यात सोबतीची गरज आपोआप येते. बोलायला कोणी असेल तर गती जास्त झाल्याचे लगेच कळते, आणि एरवी जे समोरासमोर बसून सांगता येत नाही ते शेजारी शेजारी चालताना, नजर रस्त्यावर असताना, सहज सांगितले जाते.

मात्र थकवा आहे म्हणून थेट बूट घालून निघू नका. येत्या फॉलोअपला हिमोग्लोबिन आणि थायरॉइड यांची तपासणी झालेली आहे का, ते विचारा. रक्त कमी असेल तर चालून थकवा जाणार नाही, आधी रक्त वाढवावे लागेल. तुमच्या किमोमध्ये लाल रंगाचे औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा त्याच्या जातीचे दुसरे औषध होते का, हेही विचारा. ते औषध, तसेच काही जणींना दिले जाणारे ट्रास्टुझुमॅब, हृदयावर परिणाम करू शकते, त्यामुळे अलीकडचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पाहून व्यायामाला संमती घेतलेली बरी. दुसऱ्या मजल्यावर दम लागणे हा बहुधा सवय मोडल्याचा परिणाम असेल, पण तसे गृहीत धरून चालू नये, डॉक्टरांनी तपासून सांगितलेले असावे. पॅक्लिटॅक्सेल या किमोच्या औषधानंतर पावलांना मुंग्या येत असतील किंवा ती बधिर असतील तर काही काळ उंचसखल वाटा टाळून सपाट ट्रॅकवरच चाला. रोजची गोळी टॅमॉक्सिफेन असेल तर एक खूण पक्की लक्षात ठेवा. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर ती व्यायामाची कसर समजू नका; त्या गोळीमुळे क्वचित रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आता हाताविषयी, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत जड वाक्य तेच आहे.

काखेतील ग्रंथी काढल्यावर हातातील लसिका, म्हणजे पेशींभोवतीचा पातळ द्रव, वाहून जाण्याची वाट अरुंद होते आणि काही जणींच्या हाताला सूज येते. तिलाच लिम्फेडेमा म्हणतात. हा धोका खरा आहे. त्यामुळे अनेक वर्षे स्त्रियांना हेच सांगितले जात असे की तो हात जपा, त्याने जड काही उचलू नका, जोर लावू नका. हा सल्ला काळजीपोटी दिला जात होता, पण पुरेसा तपासून पाहिलेला नव्हता. तो तपासण्याची एक गोष्ट मी तुम्हाला मुद्दाम सांगते. १९९६ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यक तज्ज्ञाने स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या २४ स्त्रियांना ड्रॅगन बोट म्हणजे लांबलचक नाव वल्हवायला शिकवले. वल्हवण्यात सगळा जोर खांदा आणि दंड यांवर येतो, म्हणजे जे करू नका असे सांगितले जात होते नेमके तेच. आधी काही काळ त्यांची तयारी करून घेतली, मग नाव पाण्यात उतरली, आणि त्या हंगामात त्यांच्यापैकी कोणाच्याही हाताला नव्याने सूज आली नाही. पुढे अनेक देशांत अशा नावा आणि अशी पथके उभी राहिली. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने या प्रयोगातील सुजेविषयीचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. मला मात्र त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे की प्रयोगासाठी आलेल्या स्त्रिया पथक म्हणून टिकून राहिल्या. एकमेकींच्या शेजारी बसून, एकाच लयीत वल्हे मारताना, आजाराबद्दल न बोलताही त्यांना आपण एकट्या नाही हे कळत होते.

त्यानंतर २००९ मध्ये कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या जणींनी वर्षभर आठवड्यातून दोनदा वजने उचलण्याचा व्यायाम केला, तोही अगदी हलक्या वजनापासून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि हातावर दाब देणारी स्लीव्ह घालून. वर्षाअखेरीस त्यांची सूज इतरांपेक्षा वाढलेली नव्हती. उलट सूज अचानक बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात निम्म्याने कमी होते. यामागचे कारण सरळ आहे. ज्या हाताला कधीच वजनाची सवय करून दिलेली नाही, त्याच्यावर एखाद्या दिवशी अवचित पाण्याची भरलेली बादली येते आणि तो त्या ताणाला पुरा पडत नाही. सवय झालेला हात पुरा पडतो.

तेव्हा जन्मभराची ती बंदी मनातून काढून टाका, पण उद्याच मुलाला उचलू नका. पाच वर्षांचा मुलगा १७-१८ किलोंचा असतो, आणि तुमच्या हाताने गेले दीड वर्ष पाण्याचा तांब्याही उचललेला नसावा. कर्करोगाच्या रुग्णांचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे एकदा जाऊन दोन्ही हातांची मापे घ्या, म्हणजे पुढे फरक मोजता येईल. शेक घेतलेल्या बाजूचा खांदा आखडतो, म्हणून पहिले काही आठवडे केवळ खांद्याची हालचाल मोकळी करण्याचे ठेवा. भिंतीवर बोटे चालवत हात वर नेणे, हे त्यातले सर्वांत सोपे. पाठीमागे हात नेऊन केसांना चिमटा लावता येतो का आणि वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का, यावरून प्रगती कळेल. मग पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली घ्या, म्हणजे अर्धा किलो, आणि आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा सोडून, आठ-दहा वेळा उचला. दोन आठवडे काही त्रास झाला नाही तर थोडे वाढवा. तुमची सर्वांत चांगली मोजपट्टी तुमच्या मनगटावरच आहे. नेहमीची बांगडी घट्ट वाटू लागली, अंगठी रुतू लागली, हात जड किंवा ओढल्यासारखा वाटला, तर थांबा आणि दाखवून घ्या. हात लाल होऊन गरम लागला किंवा ताप आला तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

चालण्याचे म्हणाल, तर पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत. तुमच्या घराजवळ इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक आहे. थंडीत ऊन पडल्यावर आणि उन्हाळ्यात सकाळी सहाच्या सुमारास जा, कारण किमोनंतर ऊन आणि गारठा दोन्ही काही काळ अंगाला अधिक बोचतात. ज्या दिवशी थकवा जास्त असेल त्या दिवशी पाचच मिनिटे चाला, पण चाला. आणि ज्या दिवशी बरे वाटेल त्या दिवशी दुप्पट चालून दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळू नका. ही दुसरी चूक तरुण मुली हमखास करतात, कारण त्यांना आपले पूर्वीचे शरीर आठवत असते. किमोमुळे पाळी थांबली असेल तर हाडे लवकर विरळ होण्याची शक्यता असते, आणि पायांवर भार घेऊन केलेले चालणे व बळाचे व्यायाम हाडांनाही उपयोगी पडतात. पांडवलेणीच्या पायऱ्या तेथेच आहेत. त्या चार-सहा महिन्यांनी चढा, आणि एकट्याने चढू नका.

व्यायामाने आजार पुन्हा होणारच नाही, असे तुम्हाला कोणी सांगेल. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण होते. ज्यांनी तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम केला त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के रुग्ण पाच वर्षांनी आजारमुक्त होते, तर ज्यांना फक्त माहितीपुस्तिका दिली त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते. हा निष्कर्ष मोलाचा आहे, पण तो आतड्याच्या कर्करोगाचा आहे. स्तनाच्या कर्करोगाला तो जसाच्या तसा लावू नका. तुम्ही व्यायाम करायचा तो दम, झोप, खांदा आणि मन यांसाठी. आणि पुढे कधी रिपोर्टमध्ये काही निघालेच, तर 'मी त्या महिन्यात चालले नाही म्हणून' असा दोष स्वतःला कधीही देऊ नका.

आता सोबतीचे. मेळाव्यातून तुम्ही परत आलात, यात तुमचे काही चुकले नाही. साठीच्या स्त्रीला आणि तिशीच्या स्त्रीला आजार एकच झालेला असला तरी प्रश्न एक नसतात. दुसरे मूल हवे की नको, आणि गोळी चालू असताना तो विचार करता येतो का. नोकरीच्या मुलाखतीत मधल्या वर्षाबद्दल काय सांगायचे. पतीजवळ जाताना अंगावरची खूण लपवावीशी का वाटते. आणि ज्यांचे लग्न व्हायचे आहे त्यांनी स्थळ आल्यावर कधी आणि किती सांगायचे. हे प्रश्न आईच्या वयाच्या बायकांसमोर उच्चारणे कठीण जाते. त्यातच हळहळ ऐकावी लागली की माणूस मिटून जातो. तरीही एक सुचवते. त्या मेळाव्यात उपचार होऊन बारा-पंधरा वर्षे झालेली एखादी स्त्री असेल, तर तिच्याशी एकदा बोला. तिच्याकडे तुमच्या प्रश्नांची उत्तरे नसतील, पण इतकी वर्षे उलटल्याचा पुरावा ती स्वतःच आहे, आणि तो तुमच्या वयाच्या मैत्रिणी तुम्हाला देऊ शकत नाहीत.

तुमच्या वयाच्या मात्र आहेत, नाशिकमध्येच आहेत. आपल्या देशात स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सरासरी दहा वर्षे आधी होतो, त्यामुळे तिशी-चाळिशीतील रुग्ण तुम्हाला वाटतात तितक्या दुर्मिळ नाहीत. त्या दिसत नाहीत, कारण केस परत आले की त्या गर्दीत मिसळून जातात. रुग्णालय तुम्हाला दुसऱ्या रुग्णाचे नाव किंवा नंबर देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण तुमचा नंबर, तुमच्या संमतीने, ते दुसरीला देऊ शकतात. किमो डे-केअरमधील सिस्टरकडे किंवा समाजसेविकेकडे एक चिठ्ठी ठेवा: 'वय ३२, उपचार पूर्ण, सकाळी चालायला सोबत हवी आहे, चाळिशीच्या आतील कोणाला इच्छा असल्यास माझा नंबर द्यावा.' शेजारच्या खुर्चीवरील त्या मुलीचीही आठवण सिस्टरना करून द्या. त्यांना रुग्ण चेहऱ्याने लक्षात असतात. नाशिकहून मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात फॉलोअपला जाणाऱ्याही अनेक जणी आहेत; पंचवटी एक्स्प्रेसने भल्या सकाळी फाइलची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली स्त्री दिसली तर तिच्याशी बोलायला हरकत नाही.

अनुभव घेतलेल्या स्त्रीने दुसरीच्या पाठीशी उभे राहायचे, ही कल्पना नवी नाही. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टेरीस लॅसर या स्त्रीने स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर इतर रुग्ण स्त्रियांना भेटायला सुरुवात केली, आणि हाताचे व्यायाम कसे करायचे हे ती त्या भेटीतच दाखवत असे. मुंबईत वंदना गुप्ता यांनी स्वतः कर्करोगातून बऱ्या झाल्यावर १९९४ मध्ये व्ही केअर फाउंडेशन सुरू केले. पण तुम्हाला संस्था काढायची नाही. तीन-चार जणी मिळाल्या की पुरे. आपल्याकडील बायकांना भिशी चालवायची कशी हे शिकवावे लागत नाही. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, कोणी आली नाही तर दुसरी फोन करते. तशीच ही चालण्याची भिशी करा. पंचवटी, सिडको, नाशिकरोड अशा वेगवेगळ्या भागांतून यायचे असेल तर गोल्फ क्लब मैदान, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, सर्वांनाच सोयीचे पडेल. गती नेहमी त्या दिवशी सर्वांत हळू चालणारीची ठेवा.

दोन-तीन गोष्टी पहिल्याच दिवशी बोलून ठेवा. औषधे आणि मात्रा यांबद्दल एकमेकींना सल्ला द्यायचा नाही, कारण गाठ एकाच जागी असली तरी तिची जात वेगळी असते. कोणाचा रिपोर्ट कोणाशी ताडून पाहायचा नाही. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे, चौघींपैकी एकीचा आजार कधी तरी उलटू शकतो. तसे झाले तर बाकीच्यांना भीतीने दूर पळावेसे वाटेल, आणि ज्या मुलीला सर्वांत जास्त सोबत हवी तीच एकटी पडेल. हे आधी बोललेले असले की प्रसंगी वागणे सोपे जाते. ज्या दिवशी जिला हे सोसवणार नाही, तिने त्या दिवशी न येण्याचीही मोकळीक असू द्या. मैत्रिणी असूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर त्यावर चालणे हा उपाय नाही. डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, निःशुल्क क्रमांकावर मराठीत बोला.

राहिल्या सासूबाई आणि आई. त्या तुम्हाला अडवतात, कारण दीड वर्षापूर्वी त्यांनी जे पाहिले ते अजून त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलेले नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. फिजिओथेरपिस्टकडे जाताना सासूबाईंना बरोबर न्या आणि हाताबद्दलचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. उत्तर त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले की घरातील अर्धी भीती निवळेल. पहिल्या आठवड्यातील दहा मिनिटे त्यांच्याबरोबरच चाला. मैत्रिणी मिळेपर्यंत ती सोबत उत्तम आहे, आणि त्यांच्या गुडघ्यांनाही तिचा उपयोग होईल.

मुलाला कडेवर घ्यायला अजून काही महिने लागतील, आणि तोपर्यंत तो आणखी एखाद-दोन किलोंनी वाढलेला असेल. म्हणून त्याला आत्ताच सांगून ठेवा की आई ताकद वाढवते आहे, आणि बाटल्या मोजायचे काम त्याच्याकडे द्या. आज संध्याकाळी मात्र खाली बसा आणि त्याला मांडीवर घ्या. त्यात हाताने काहीच उचलावे लागत नाही.